खाडीपलीकडून सलाम

३ जून २०२० ची दुपार आमच्या श्रीवर्धन तालुक्यात कोणी विसरणार नाही. ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि संध्याकाळ व्हायच्या आत वाड्याच्या वाड्या झोपल्या. ज्या रोठा सुपारीवर इथली कितीतरी घरं चालतात, ती पोफळ गवतासारखी आडवी पडली. आमच्या घरावरची निम्मी कौलं गेली. पण त्या रात्री आम्हा नवराबायकोच्या डोळ्याला डोळा लागला नाही, तो कौलांपायी नव्हे. आमचा जीव खाडीपलीकडे अडकला होता.

सावित्री नदी समुद्राला मिळते ती बाणकोटची खाडी. अलीकडे बागमांडला, म्हणजे रायगड जिल्हा. पलीकडे वेसवी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. आमचं गाव अलीकडच्या काठाला आणि आमच्यातल्या एकीचं माहेर पलीकडच्या. धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडची झाडी दिसते, हवा स्वच्छ असली तर मशिदीचा मिनारही दिसतो. फेरीबोट चालू असेल तर चहा घ्यायला जाऊन मगरिबला परत येता येतं. तेव्हा मात्र लॉकडाऊन होता, फेरीबोट बंद होती. रस्त्याने जायचं तर म्हसळा, आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड असा मोठा वळसा, आणि रस्त्यांवर झाडं पडलेली. वीज नाही, मोबाइलचे मनोरे मुके. पलीकडे अम्मी एकटी, पत्र्याच्या घरात.

समोर दिसणाऱ्या गावाची खबर आम्हाला सहा दिवस कळली नाही. सातव्या दिवशी एका होडीवाल्याने चिठ्ठी आणून दिली. अम्मीचं तेच तिरकं अक्षर: ‘खैरियत आहे. दोन पत्रे गेले. तुम्ही कसे आहात ते कळवा, माझा जीव लागत नाही.’ आम्ही इकडे तिच्यासाठी दुआ करत होतो आणि ती तिकडे आमच्यासाठी.

तीन आठवड्यांनी फोन लागायला लागले, तेव्हा पहिला मोठा फोन आला तो इंग्लंडहून, मामूंचा. सत्तरच्या दशकात ते लँकेशायरच्या एका गिरणीत गेले, गिरणी बंद पडल्यावर पावाची लॉरी चालवू लागले, आणि तिथेच स्थायिक झाले. सगळी हकिकत ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “अरे, खाडी ती किती! आमच्या वेळचा सीबी असता तर दोन मिनिटांत बोलणं झालं असतं.”

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य नागरिकांसाठी राखून ठेवलेली रेडिओलहरींची पट्टी. परीक्षा नाही, मोठं यंत्र नाही. बटण दाबा आणि बोला, बटण सोडा आणि ऐका. अमेरिकेत २७ मेगाहर्ट्झच्या आसपासची ही पट्टी १९५८ पासून लोकांना मोकळी आहे. १९७३ च्या तेलटंचाईत तिथल्या ट्रकवाल्यांनी ती घरोघर नेली, कारण डिझेल कुठल्या पंपावर मिळतंय आणि पोलीस कुठे उभे आहेत हे एकमेकांना सांगायला त्यांना दुसरं साधन नव्हतं. ब्रिटनमध्ये लोक आधी चोरून अमेरिकी संच वापरायचे. शेवटी २ नोव्हेंबर १९८१ ला सरकारने तिथे सीबी कायदेशीर केला. मामूंनी पोस्टात दहा पौंड भरून परवाना घेतला. तो कागद अजून त्यांच्या फाइलमध्ये आहे, निकाहनाम्याच्या शेजारी!

सीबीवर खरं नाव सांगायचं नसतं, टोपणनाव घ्यायचं. मामूंनी ‘खलाशी’ घेतलं, आपल्या आजोबांच्या आठवणीने. गोऱ्या लॉरीवाल्यांच्या तोंडी त्याचं ‘कलॅशी’ झालं. १४ नंबरच्या चॅनेलवर हाक द्यायची, कोणी उत्तर दिलं की दोघांनी मिळून दुसऱ्या रिकाम्या चॅनेलवर सरकायचं; १९ नंबर लॉरीवाल्यांचा; ९ नंबर अडल्यानडल्यासाठी, तिथे गप्पा मारायच्या नाहीत. रात्री दोन वाजता धुक्यातून लॉरी हाकताना मामूंना सोबत होती ती याच आवाजांची. मग एकदा त्या मंडळींनी प्रत्यक्ष भेटायचं ठरवलं. मामू गाडीतून उतरले. महिनाभर ज्यांनी त्यांच्याशी पोटभर गप्पा मारल्या होत्या, ते सगळे त्यांचा चेहरा पाहून क्षणभर गप्प झाले. “मग एक जण थर्मास घेऊन पुढे आला,” मामू म्हणाले, “पण तो क्षण मी विसरलो नाही बेटा.” आम्हालाही पुढे तो आठवायचा होता.

मामू आपला जुना संच पाठवायला निघाले होते. आमची धाकटी तेव्हा बारा वर्षांची, तिने त्यावरचे आकडे विचारून घेतले आणि हिरमुसली. ब्रिटनने १९८१ साली दिलेली पट्टी २७.६०१२५ ते २७.९९१२५ मेगाहर्ट्झची. भारतात जी मोकळी आहे ती २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ. म्हणजे मामूंच्या संचाचा एकही चॅनेल इथे कायद्यात बसत नाही. मामूंना जरा वाईट वाटलं. संच त्यांच्या माळ्यावरच राहिला.

आपल्याकडे ही पट्टी मोकळी आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसतं, आम्हालाही नव्हतं. २००५ साली केंद्र सरकारने नियम काढला, तो असा की या पट्टीत पाच वॅटपर्यंत शक्तीचा, अँटेना अंगचीच असलेला संच वापरायला वेगळा परवाना लागत नाही. अट ही, की दुसऱ्या कुणाच्या कामात त्याने अडथळा आणायचा नाही आणि आपल्याला अडथळा झाला तर तक्रार करायची नाही. अमेरिकी पद्धतीच्या संचात चाळीस चॅनेल असतात, त्यातले १ ते २७ एवढेच आपल्या मर्यादेत येतात. २८ पासून पुढे जायचं नाही. आम्ही संचाच्या पाठीवर पांढऱ्या पट्टीवर ‘२७ पर्यंतच’ असं लिहून चिकटवलं आहे.

इथे एक गोष्ट वाचक बंधू-भगिनींच्या कानावर घालायला हवी. ऑनलाइन ‘वॉकीटॉकी’ म्हणून जे दिसतं ते सगळं मोकळं नसतं. कित्येक संच भलत्याच पट्टीतले असतात, त्यांना परवाना लागतो, आणि विकणारा ते सांगेलच असं नाही. संचाला सरकारची प्रकारमान्यता आहे का, हे विचारा. पक्कं बिल घ्या. पाहुण्यांच्या सामानातून आणलेला संच नको म्हणजे नको. आम्ही मुंबईच्या एका दुकानदाराकडून दोन हाती संच मागवले. कागदपत्रांसाठी त्याच्या इतकं मागे लागलो की तो वैतागून म्हणाला, “एवढी चौकशी कोणी करत नाही हो!”

त्याला काय सांगणार? आम्हाला करावी लागते.

मोठ्या भाईंना घरात आम्ही काय आणतोय हे कळलं तेव्हा ते ताट बाजूला सारून उठले. “आपल्या घरात वायरलेस? अक्कल गहाण टाकलीत का?” १९९३ साली याच तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकं उतरवली गेली. ते करणारे कोण, त्यात फरफटले कोण, हा सगळा इतिहास आहे. पण त्यानंतर कित्येक वर्षं ‘श्रीवर्धनचे’ एवढं म्हटलं की मुंबईत समोरचा माणूस आमच्याकडे दुसऱ्यांदा बघायचा. भाईंनी ती वर्षं ऐन तिशीत, भाड्याची खोली शोधत काढली होती. ते म्हणाले, “दुसऱ्याच्या घरात असेल तर छंद. आपल्या घरात असेल तर प्रकरण.”

आम्ही दोघांनी दोन रात्री त्यावर विचार केला. भाई चुकीचं बोलत नव्हते. पण अम्मीची चिठ्ठी समोर होती. शेवटी ठरवलं की करायचं तर दारं-खिडक्या उघड्या ठेवून करायचं. दोन्ही संचांचे नंबर, बिल, सरकारी नियमाची छापील प्रत आणि ‘आईशी बोलण्यासाठी’ असं कारण लिहून आम्ही अर्ज केला आणि दोघं मिळून पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. बोटीवरचा वायरलेस त्यांना माहीत होता, हा नव्हता. तासभर बसवून ठेवलं, चार ठिकाणी फोन केले, आणि मग पोच म्हणून शिक्का मारून एक प्रत आमच्या हातात दिली. ती प्रत आम्ही लॅमिनेट करून घेतली. भाई हसले नाहीत, पण जेवायला बसले.

आता शिकण्याची गंमत. लोकांना वाटतं रेडिओ म्हणजे बोलायचं यंत्र. ते आधी ऐकायचं यंत्र आहे. पहिले आठ दिवस आम्ही फक्त ऐकलं. खरखर, खरखर आणि खरखर. त्या खरखरीला आवर घालायला एक खुंटी असते, तिला स्क्वेल्च म्हणतात. फार घट्ट केली तर बारीक आवाजही दाबला जातो, ढिली ठेवली तर डोकं उठतं. खरखर जिथे नुकती थांबते तिथे ती ठेवायची. बटण दाबल्यावर लगेच बोलायचं नाही, एक श्वास थांबायचं. माइक तोंडापासून चार बोटं लांब. ओरडायचं नाही, ओरडलं की शब्द फाटतात. अँटेना दोघांनीही उभी धरायची. आणि बोलून झालं की ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडायचं, कारण एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघांनी एकदम दाबलं तर नुसती शिट्टी ऐकू येते. आमच्यासारख्या, एकमेकांचं वाक्य तोडायची सवय असलेल्या नवराबायकोला यातून काय शिकायला मिळालं ते इथे लिहीत नाही!

या लहरीची लांबी अकरा मीटर. तिला शोभेल अशी पाव लांबीची अँटेनासुद्धा पावणेतीन मीटर होईल. आमची तर हातभराची. त्यामुळे पाच वॅटमधलं थोडंच बाहेर पडतं. गावात घरांच्या गर्दीतून आवाज किलोमीटरभर जेमतेम जातो. धक्क्यावर आलं, समोर नुसतं खारं पाणी असलं की तोच आवाज खाडी सहज ओलांडतो. एलईडी दिवे, इन्व्हर्टर, स्वस्तातले चार्जर हे त्याचे वैरी, कारण त्यांची गुणगुण या पट्टीत शिरते. म्हणून वीज गेली की गाव अंधारात बुडतं आणि रेडिओ मात्र स्वच्छ होतो. ज्या घडीला त्याची गरज लागते, त्याच घडीला तो सगळ्यात चांगला चालतो, हे आमच्या ध्यानात हळूहळू आलं. खारी हवा मात्र सेलच्या घरातले पत्रे खाते. महिन्यातून एकदा खोडरबराने घासावे लागतात.

अम्मीला शिकवणं हा स्वतंत्र अध्याय आहे. ती सलाम पूर्ण करायची आणि मग बटण दाबायची, म्हणून आम्हाला फक्त ‘...लैकुम’ ऐकू यायचं. ते सुधारलं तर बटण सोडायचं विसरायची. मग आम्ही इकडे हाका मारतोय, आणि तिकडे तिचं कोंबड्यांशी बोलणं, शेजारणीशी बोलणं, चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज, सगळं आमच्यापर्यंत. धाकटीने सगळ्यांना नावं दिली. अम्मी ‘चांदबीबी’, आम्ही ‘बांगडा’ आणि ‘सुरमई’, ती स्वतः ‘टिटवी’. गावात कुणीतरी कुजबुजलं की बायामाणसांचा आवाज असा हवेत जाणं बरं का? अम्मीपर्यंत ते गेलं. ती म्हणाली, “मी बाजारात मासळीचा भाव करते तेव्हा कोण कानात बोळे घालतं?” विषय तिथेच मिटला.

पण आवाज हवेत जातो याचा धडा आम्हाला दुसरीकडूनच मिळाला. आमच्या भाचीसाठी एक स्थळ आलं होतं. अम्मीने विचारलं म्हणून आम्ही त्या घराबद्दल बोलून गेलो. मुलगा ठीक, पण घरातली माणसं जरा हातची राखून वागणारी, असं काहीतरी. वाईट हेतू नव्हता, पण बोलायला नको होतं ते बोललो. तेव्हा आम्ही १४ नंबरवर असायचो. मुलांचे खेळण्यातले वॉकीटॉकी बहुतेक त्याच जागेवर, २७.१२५ मेगाहर्ट्झवर चालतात, हे आम्हाला कुठे ठाऊक! आमच्या गल्लीतल्या एका पोराच्या खेळण्यातून आमचं बोलणं लख्ख ऐकू आलं, पोराने आईला सांगितलं, आणि त्याची आई निघाली त्या स्थळाच्या नात्यातली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मिठाई घेऊन माफी मागायला गेलो. त्या बाईंनी चहा दिला, पण डोळे वर केले नाहीत. लग्न पुढे दुसरीकडे जमलं. गीबत वाईट हे लहानपणापासून ऐकत आलो. पण आपलीच गीबत दुसऱ्याच्या खेळण्यातून ऐकू येणं ही गोष्ट वेगळी. आम्ही २१ नंबरवर गेलो. तरी जवळचं खेळणं तेही पकडू शकतं, म्हणून आता रेडिओवर घरातल्या गोष्टी बोलायच्याच नाहीत, असा नियम आहे. तब्येत, हवा, मासळी, येणं-जाणं, एवढंच.

२०२१ चा रमजान आमचा रेडिओसह पहिला रमजान. वेळ ठरवायचा प्रश्न सहज सुटला. फजर, जोहर, असर, मगरिब, इशा, प्रत्येक नमाजनंतर पाच मिनिटं संच चालू ठेवायचा, एरवी बंद. सेल वाचतात आणि घड्याळ, फोन काही लागत नाही. अजान दोन्ही काठांवर होतेच. २९ व्या रोजाच्या संध्याकाळी, १२ मेला, आम्ही धक्क्यावर आणि अम्मी पलीकडे, चाँद शोधत उभे. आभाळात ढग. “दिसला का गो?” “नाही अम्मी. तुम्हाला?” “माझ्या डोळ्यांना काय दिसतंय!” मौलानांनी आम्हाला आधीच हसत बजावलं होतं की बातमी वेगळी आणि गवाही वेगळी, तुमच्या डब्यावर ईद करणार नाही. त्या दिवशी चाँद झालाच नाही. ईद १४ मेला झाली, कोरोनामुळे नमाज घरातच पढली, आणि ईदचा पहिला सलाम आम्हाला खाडीवरून आला. या खेपेला पुरा.

दोन दिवसांनी ‘तौक्ते’ आलं.

हे वादळ समुद्रातूनच वर सरकलं, ‘निसर्ग’सारखं अंगावर आलं नाही, तरी १६ मेच्या रात्रीपासून वाऱ्याने झोडपायला सुरुवात केली. वीज गेली, मग फोन गेला. गेल्या वर्षीची भीती पोटात पुन्हा उठली. फजरनंतर संच उघडला तर अम्मी नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आम्ही आळीपाळीने हाक देत होतो, “चांदबीबी, चांदबीबी, सुरमई बोलतेय.” खरखरीशिवाय काही नाही. धाकटी रडायला लागली. भाई दारात उभे होते, एक शब्द न बोलता. ज्या माणसाने हा संच खाडीत फेका म्हटलं होतं, तोच पुढे होऊन म्हणाला, “द्या इकडे,” आणि बटण दाबून त्यांनी अजान देतात तसा आवाज लावला, “अम्मी!” ओरडायचं नाही, हा नियम त्यांना कोण सांगणार?

चाळीस मिनिटांनी ती आली. पत्रा वाजायला लागला म्हणून पहाटेच ती शेजारच्या स्लॅबच्या घरात गेली होती, आणि संच घेऊन गेली पण सेल घरी विसरली. “पाऊस कमी होऊ दे म्हटलं, मग आणले. रडतं कोण आहे तिकडे?”

खरी गोष्ट पुढे घडली. दुसऱ्या दिवशी कळलं की श्रीवर्धन गावात एका जागी मोबाइलला रेंज येते. आम्ही अम्मीला सांगितलं. जोहरनंतर संच उघडला तर पलीकडे अम्मीच्या मागे कालवा. तिच्या दारात सगळा मोहल्ला जमला होता. कुणाचा मुलगा कुवेतला, कुणाची लेक मुंब्र्याला, कुणाचा नवरा जहाजावर. सगळ्यांना एकच सांगायचं होतं की आम्ही ठीक आहोत. अम्मी एकेकाला पुढे बोलवत होती, नाव, नंबर आणि निरोप सांगायला लावत होती, लांबण लावली की दटावत होती. आम्ही वहीत लिहून घेत गेलो. असरपर्यंत एकतीस निरोप झाले. मग मोटारसायकलवरून श्रीवर्धन गाठलं आणि एकेकाला फोन लावले. एका फोनवर कुवेतचा मुलगा बराच वेळ काही बोललाच नाही. आम्हाला वाटलं लाइन तुटली. मग तो म्हणाला, “खाला, पुन्हा एकदा सांगा, अब्बा काय म्हणाले?” वहीत लिहिलं होतं ते पुन्हा वाचून दाखवलं: आंब्याचं झाड पडलं, बाकी सगळे सलामत.

त्या वेळेपासून त्या काठावर चार संच झाले, आमच्या काठावर तीन. सगळ्यांना आम्ही एकच सांगितलं की आधी बिल, मग अर्ज, मग सेल.

त्या अर्जाची किंमत कळली ती ऑगस्ट २०२२ मध्ये. १८ तारखेला हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर एक बेवारस नौका सापडली, आत तीन एके-४७ रायफली. हरिहरेश्वर म्हणजे आमच्या शेजारचंच. नंतर सरकारनेच सांगितलं की ती ओमानच्या समुद्रात बिघडून सोडून दिलेली नौका, भरकटत इकडे आली. पण ते कळेपर्यंत किनारा नाकाबंदीत होता आणि टीव्हीवर आमच्या तालुक्याचं नाव पुन्हा १९९३ च्या सुरात घेतलं जात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आमच्या दाराशी थांबली. गल्लीतल्या खिडक्या आधी उघडल्या, मग लागल्या. आम्ही लॅमिनेट केलेली प्रत पुढे केली. संच कुठे, कोण बोलतं, काय बोलता, किती वाजता, सगळं विचारून झालं. संच तपासायला म्हणून घेऊन गेले. नऊ दिवस घर सुनं होतं. अम्मी रोज असरनंतर आपल्याकडचा संच उघडून बसायची, हे आम्हाला नंतर कळलं.

नवव्या दिवशी बोलावणं आलं. संच टेबलावर होते, ‘२७ पर्यंतच’ ही पट्टी तशीच. देताना एका तरुण अंमलदाराने विचारलं, “खरंच खाडीपलीकडे जातो आवाज? आमचं गाव गुहागरकडे, तौक्तेत तीन दिवस घरची खबर नव्हती.” आम्ही त्याला दुकानदाराचा पत्ता दिला. पण जाताना आणि येताना गल्लीने ज्या नजरेने पाहिलं ते मात्र अजून बोचतं, ते लपवण्यात अर्थ नाही. मामूंना फोनवर सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, “थर्मास घेऊन कोणी आलं का?” आलं होतं. चाँदरातीला माफी मागितली त्याच बाई, ज्यांच्या पोराच्या खेळण्याने आम्हाला पकडलं होतं. त्या जीप गेल्यावर अर्ध्या तासात बिर्याणीचं पातेलं घेऊन आल्या.

एक शेवटची गंमत सांगायची राहिली. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांनी वाढतात, आणि ते वाढले की आकाशातला एक उंच थर या लहरींना आरशासारखा परत जमिनीकडे धाडतो. २०२४ च्या सुमारास तो जोर होता. डिसेंबरमधल्या एका दुपारी धाकटी धक्क्यावर संच घेऊन बसली होती, ती धावत आली. हातभर अँटेनावर कुणीतरी बोलत होतं. रशियन असावं, नक्की कळलं नाही. मग ते विरलं आणि गाण्यासारखी भाषा आली, इंडोनेशियाकडची वाटली. आम्ही उत्तर दिलं नाही, नुसतं ऐकलं. शेजारच्या गावाची खबर सहा दिवस न मिळालेली आम्ही माणसं, तिथेच उभं राहून न पाहिलेल्या मुलखातल्या माणसाचं खोकणं ऐकत होतो. तेव्हापासून धाकटीच्या डोक्यात हॅम रेडिओची सरकारी परीक्षा आहे. खालच्या दर्जाच्या परवान्याला मोर्स लागत नाही, पण तिला मोर्सही शिकायचंय. जेवताना चमच्याने ताटावर टकटक चालू असते. भाई म्हणतात, “अर्जाच्या दोन प्रती काढून ठेव.”

अम्मी आता अठ्ठ्याहत्तरची झाली. कान जरा जड झालेत, पण पाच वेळा संच उघडते. काल असरनंतर तिचा आवाज फार बारीक येत होता. “सेल संपत आले गो. जुम्म्याला येताना आठ घेऊन या, आणि थोडी सुकट. ओव्हर.”

आम्ही “मिळालं, आणतो, ओव्हर” म्हटलं. पण तिने बटण सोडलंच नव्हतं. मग आम्ही दोघं धक्क्याच्या पायरीवर बसून तिचं कोंबड्यांना बोलावणं ऐकत राहिलो, सेल पुरते संपेपर्यंत.